पट्टा गप्प झाला म्हणजे जनावर मेलं का?

मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवतो आणि वन्यप्राण्यांच्या मागावर असणाऱ्या संशोधकांना आकडेमोडीत मदत करतो. हे कळलं की खानापूर-जांबोटीकडचे पाव्हणे असोत की टिळकवाडीतले शेजारी, प्रश्न ठरलेला असतो: "गळ्यातला रेडिओ पट्टा बंद पडला, तर ते जनावर मेलं म्हणून लिहितासा की जित्तं म्हणून?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही लिहीत नाही. ते जिवंत असल्याचं शेवटचं कधी कळलं तो दिवस लिहायचा. त्या दिवसापर्यंतचं त्याचं जगणं हिशेबात पुरतं धरायचं आणि पुढचं कोरं सोडायचं.

बेळगावकरांना हे नवं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानात बिबट्या शिरला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले, तरी तो हाती लागला नाही. कुणी म्हणतं कधीच मेला असेल, कुणी म्हणतं काकतीकडच्या डोंगराला लागला. खात्रीनं एवढंच म्हणता येतं की शेवटचा दिसला त्या दिवशी तो जिवंत होता. ही माहिती अपुरी आहे, पण खरी आहे, आणि खरी माहिती टाकून द्यायची नसते.

ती वापरायची रीत एडवर्ड कॅपलन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली मांडली. दवाखान्यातला रुग्ण उपचार चालू असतानाच गाव सोडून गेला, तर त्याचं काय धरायचं, असे प्रश्न त्यातून सुटले. १९८९ मध्ये केनेथ पोलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रीत पट्टा घातलेल्या प्राण्यांना लावली. रानात एक जादा अडचण असते: सगळी जनावरं एका दिवशी पकडली जात नाहीत. कुनोचंच बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये ८ चित्ते आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी १२. नंतरचे १२ आदल्या सप्टेंबरापासून मोजले, तर जे महिने त्यांनी इथे काढलेच नाहीत ते जगल्याचं श्रेय त्यांना मिळतं. म्हणून जो ज्या दिवशी आला, तो त्या दिवसापासूनच मोजणीत.

आता हिशेब. समजा १० बिबट्यांना पट्टे घातले. तिसऱ्या महिन्यात एक मेला. पाचव्या महिन्यात चार पट्टे गप्प झाले. आठव्या महिन्यात आणखी एक मेला आणि उरलेले चार वर्षअखेरपर्यंत टिकले. पहिला मृत्यू झाला तेव्हा नजरेखाली १० होते, त्यातले ९ वाचले. दुसऱ्या वेळी नजरेखाली ५ होते, त्यातले ४ वाचले. ९/१० गुणिले ४/५ केलं की ०.७२ येतात, म्हणजे वर्षभर जगण्याची शक्यता ७२ टक्के. गप्प झालेले चारही मेले धरले तर हाच आकडा ४० टक्क्यांवर येतो. चारही वर्षभर जगले धरले तर ८० होतो. आणि "त्यांचा नादच सोडा" म्हणून वगळले तर ६७. रान तेच, बिबटे तेच, आणि ४० पासून ८० पर्यंत हवा तो आकडा काढता येतो. म्हणून कुणी जगण्याचा टक्का सांगितला की मी आधी विचारतो, हरवलेल्यांचं काय केलंत?

७२ वरही फार भरवसा ठेवू नका. संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड यांच्या सूत्रानं याची प्रमाण त्रुटी (आकडा साधारण किती चुकू शकतो त्याचं माप) काढली तर ती सुमारे १८ टक्के येते. चूक तिच्या दुपटीपर्यंतही जाऊ शकते, म्हणजे खरा आकडा पन्नाशीच्या खालीही असू शकेल. दहा जनावरांवरून याहून जास्त काही कळत नाही, आणि हे अहवालात ठळक लिहायलाच हवं. दुसरीकडे, एका दिवसाचा मोठा आकडा बघून निर्धास्तही होऊ नये. एखादा प्राणी आजचा दिवस काढण्याची शक्यता ९९.९ टक्के असेल तर ऐकायला किती बरं वाटतं. पण तीच शक्यता ३६५ वेळा गुणली की वर्षाला ६९ टक्केच उरतात.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. कोरं सोडायची ही रीत एका अटीवर उभी आहे: पट्टा गप्प होण्याचा आणि जनावर मरण्याचा एकमेकांशी संबंध नसावा. पट्टा बॅटरी संपून थांबला तर काही बिघडत नाही. जनावर स्वतःहून मेलं आणि पट्टा शाबूत राहिला, तरी कळतं. बऱ्याच पट्ट्यांत अशी सोय असते की काही तास हालचाल झाली नाही की रिसीव्हरवरची टिकटिक एकदम जलद होते. ती ऐकली की माणसं अँटेना घेऊन निघतात आणि बहुतेक वेळा देहापर्यंत पोचतात. पण ज्यानं मारलं त्यानंच पट्टा कापून फोडला तर? तेव्हा टिकटिक जलदही होत नाही, नुसती थांबते, आणि आमच्या वहीत तो मृत्यू न होता हरवलेला होतो. ही नुसती शंका नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या खानापूरच्या रानाला लागून असलेल्या गोव्याच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषानं मेले. काही देह पुरलेले निघाले. त्यांच्या गळ्यात पट्टे असते तर तेही पुरले गेले नसते का? अशा ठिकाणी ७२ टक्के हा आकडा रानाची खोटी ग्वाही देतो. म्हणून मी गप्प झालेला प्रत्येक पट्टा स्वतंत्र तपासायला लावतो आणि ते सगळे मेले असते तर काय आकडा आला असता, तोही शेजारी छापा म्हणतो.

हरवलेला पुन्हा सापडतो, असंही होतं. २००९ मध्ये आजोबा नावाचा बिबट्या पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तो शंभराहून जास्त किलोमीटर चालून मुंबईला संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. पुढे पट्टा थांबला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेलेला बिबट्या तोच, हे अंगातल्या चिपवरून कळलं. हा मृत्यू सरळ धरायचा मोह होतो, पण तो धरता येत नाही. मेलेला सापडला म्हणूनच तो कळला. त्याच्यासारखे गप्प झालेले जे जगले असतील, ते सांगायला येणार नाहीत. जिवंत दिसणं आणि मेलेलं सापडणं या दोन्हींच्या शक्यता एकत्र बांधणारी वेगळी प्रारूपं त्यासाठी आहेत.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. भीमगडच्या रानातून जनावर चोर्ल्याकडे उतरलं की गोवा, तिलारीकडे गेलं की महाराष्ट्र. २००२ मध्ये कर्नाटकातले हत्ती दोडामार्गात उतरले. आपल्या बाजूनं ते गेले, तिकडे नवे आले. कर्नाटकातल्याच नागरहोळेत उल्हास कारंत आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २००० या काळात रेडिओ पट्ट्यांऐवजी कॅमेऱ्यातल्या फोटोंत अंगावरचे काळे पट्टे जुळवून वाघांचं वर्षाचं जगणं ०.७७ काढलं. या रीतीत कायमचं निघून जाणं आणि मरणं वेगळं करता येत नाही, म्हणजे उरलेल्या २३ टक्क्यांत नुसते निघून गेलेलेही आले. नागरहोळेसारख्या ठिकाणी जर असं, तर भीमगडसारख्या चिंचोळ्या, तीन राज्यांच्या सांध्यावरच्या रानात निघून जाणाऱ्यांचा वाटा किती मोठा असेल! आपल्याकडे कमी आकडा आला म्हणजे जनावरं मरतायत असं लगेच म्हणू नये.

त्यामुळे पट्टा गप्प झाला की मी शेतावर-रानावर फिरणाऱ्या पोरांना सांगतो: शेवटची जागा, बॅटरी किती उरली होती, शेवटच्या दोन दिवसांत ते किती आणि कुठल्या दिशेनं चाललं, आणि आपण कुठवर जाऊन शोधलं, हे त्याच संध्याकाळी लिहा. मग सीमेपलीकडच्या चंदगड, दोडामार्ग आणि सत्तरीच्या वनरक्षकांना फोन लावा.