पान 41 वरचा डावा हात

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज एकही नवीन पान झालं नाही. उलट 14 जुन्या चौकटी बाद केल्या, आणि त्याही लगेच नाही, आधी तासभर त्यांच्याकडे नुसती बघत बसले की बाई काहीतरी पळवाट सुचेल.

झालं असं की मी काढतेय त्या कॉमिक्सच्या पुस्तकातली माझी ड्रॅगनवाली पोरगी बहिरी आहे, हातांनी बोलते. पहिले चार भाग परवा काही मुलांना वाचायला दिले होते, त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती, तीही साइन लँग्वेज वापरणारी. तिनं सगळं शांतपणे वाचलं, ड्रॅगनचं नाक आवडल्याचं सांगितलं (नाकाचं कौतुक झालं की मी विरघळतेच), आणि मग कागदावर लिहून दिलं, "ताई, ही उजव्या हाताची आहे ना? मग पान 41 वर डावरी कशी झाली?"

कशी झाली ते मला बरोब्बर माहितीये. चित्र तपासायला आम्ही सगळेच ते आडवं उलटवून बघतो, आरशात बघितल्यासारखं, म्हंजे डोळा तिरका गेलाय का, जबडा सरकलाय का ते लगेच कळतं. आणि कधी कधी उलटलेलंच जास्त छान दिसतं म्हणून मी तसंच ठेवून देते, इतकी वर्षं ठेवत आलेय, कुणाला कळलं नाही कारण तोंडानं बोलणाऱ्या पात्राला काय फरक पडतो. पण साइन करणाऱ्याचा एक मुख्य हात असतो. तो उगाच मधेच बदलला की वाचणाऱ्या त्या मुलीला कसं वाटलं असेल, तर पात्र वाक्याच्या मधेच दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलायला लागावं तसं.

बरं, परत उलटवून टाकावं तर ते पण जमत नाही. पोरगी डावीकडून उजवीकडे गेली की संवादाच्या फुग्यांचा क्रम फिरतो, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. वर ड्रॅगनचं एक शिंग मोडकं आहे, डावं. आता बसा.

हे सगळं मला आधीच कळायला हवं होतं, तक्रार नाही करत. सीसी बेल यांचं 'एल डेफो' हे बहिऱ्या मुलीचं कॉमिक्स 2014 साली आलं, त्यात श्रवणयंत्राची बॅटरी संपत जाते तशी फुग्यातली अक्षरं फिकी फिकी होत जातात, पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला न्यूबेरी ऑनर, हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मान, मिळाला. म्हंजे ऐकू न येणं कॉमिक्समध्ये कसं *दिसतं* हे करून दाखवणारं कुणीतरी समोर होतं. पण मी काय केलं, मुलगी बहिरी आहे असं ठरवलं, दोन पुस्तकं वाचली, आणि बाकी सगळं ऐकू येणाऱ्या मुलीसारखंच काढत गेले. तेच हावभाव, तेच अँगल.

भुवयांचंच बघा. कॉमिक्समध्ये भुवया वर म्हंजे आश्चर्य, आठ्या म्हंजे राग, हे हातात इतकं बसलंय की विचारच करावा लागत नाही. पण अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये, ब्रिटिशमध्येही, भुवया व्याकरणात येतात, हो-नाहीचा प्रश्न असेल तर वर, आणि कोण-कुठे-का असेल तर आठी. (आणि या दोन्ही भाषा एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत, दोन्हीकडचे लोक इंग्रजीच बोलतात तरी. एकीत स्पेलिंग एका हातानं, दुसरीत दोन्ही हातांनी.) त्यामुळे माझी पोरगी "तू कुठे होतास?" असं प्रेमानं विचारतेय तिथे भुवया वर आहेत, आणि मी आठी काढली की नुसती चित्रं बघणाऱ्याला वाटणार चिडली. अजून सुटलेलं नाही हे. बहुतेक डोळ्यांवर काम करावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी एका संपादकानं हीच गोष्ट परत पाठवताना सुचवलं होतं की शेवटी जादूनं तिला ऐकू येऊ द्या, मुलांना आनंद होईल. कुठल्या मुलांना, हे विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर दोन दिवस मी तसा शेवट लिहूनही बघितला होता, कारण तेव्हा हातात काम नव्हतं. सुरुवातीची तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत फ्लॅट्स भरायचे, म्हंजे रंगांचे सपाट तुकडे, ज्यावर खरा कलरिस्ट मग काम करतो, आणि परत तिकडे जायची भीती होती. आता करार आहे. अॅडव्हान्स तुकड्यातुकड्यानं येतो, सहीला थोडा, पानं दिल्यावर थोडा, उरलेला पुस्तक आल्यावर, आणि तो विक्रीतून फिटेपर्यंत रॉयल्टी नाहीच. 212 पानं, दोन वर्षं. चुकलेल्या 14 चौकटींचे वेगळे पैसे अर्थातच कुणी देत नाही, मनगट मात्र हिशोब ठेवतं.

चर्चांमध्ये हल्ली आरसे आणि खिडक्यांचं फार बोललं जातं, मुलांना पुस्तकात स्वतःला आणि दुसऱ्यांना बघता यावं वगैरे. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये ते मांडलं, पण त्यात तिसरी गोष्ट होती, सरकता काचेचा दरवाजा, आत शिरायचा. तो सगळे विसरतात. आणि फँटसीवाल्यांचं काम तर तिथेच आहे ना.

आत शिरल्यावर मजा काय येते तर गोष्टच बदलते. गुहेचा प्रसंग बघा. अंधार, पोरगी आणि तिचा मित्र, तीन पानं संवाद, मी लिहूनही टाकले होते. अंधारात हात दिसणारच नाहीत हे परवा त्या मुलीनं कागद पुढे सरकवला तेव्हा डोक्यात आलं, तिनं तर ते विचारलंही नव्हतं. तिच्या हातात मशाल द्यावी तर एक हात अडकला. म्हणून आता उजेड ड्रॅगननं द्यायचा, आणि ड्रॅगन आदल्याच पानावर तिच्यावर रुसलाय. तो तोंड उघडेना, आणि त्यानं उघडल्याशिवाय हिला माफीही मागता येईना. हे मला बसून सुचलं नसतं. उलट धबधब्याजवळ, जिथे बाकीच्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, तिथे ती आणि मित्र आरामात गप्पा मारतात, पलीकडच्या काठावरून.

14 पैकी पान 41 वरची चौकट मात्र शेवटी ठेवतेय. साइन करणारे मुख्य हात अडकला असेल तर दुसऱ्या हातानं बोलतात, म्हणून तिच्या उजव्या हातात लगाम दिलाय, घट्ट, बोटं पांढरी पडलेली. बाकीच्या 13 उद्या. आणि त्या मुलीला विचारायचंय, एका हातानं घाईत बोलताना ती अंगठा कुठे ठेवते.