अखाजी आणि ७९ अक्षरांच्या ओळी

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील याला. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटयांच्या एका कारखान्यात मी आयटी बघायचो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सगळंच. एका अमेरिकन गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी ईडीआयने यायच्या, म्हणजे कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला ठरलेल्या साच्यात पाठवलेल्या; साचा एक्स१२, त्यातलं ८५० म्हणजे खरेदीची ऑर्डर. आधी ते सगळं ३७८० बायसिंकवर, फोन लाइनीवरून डेटा पाठवायच्या जुन्या पद्धतीवर, चालायचं, मोडेमने मुंबईच्या नोडला डायल करायचं, तिकडून ईएनक्यू, म्हणजे 'तयार का?', आलं की आपण 'हो' म्हणून अ‍ॅक-झिरो द्यायचं, पहिल्या ब्लॉकला अ‍ॅक-वन, दुसऱ्याला परत अ‍ॅक-झिरो, ब्लॉक खराब आला तर नॅक, म्हणजे परत पाठव. आयबीएमने १९६७ मध्ये काढलेलं प्रकरण ते, बैलगाडीसारखं हळू, पण दगा नाही. मग गिऱ्हाइकाने सांगितलं की आता हे बंद, आमच्या मेनफ्रेमवरून, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवरून, एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, फाइल ओढा. ओढली. टेस्ट पास झाली, सगळे खूश, मी जास्तच.

आणि दुसऱ्याच आठवड्यात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात अखाजी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, बहीण माहेरी आलेली, निंबाला झोका बांधलेला, आई खापरावर मांडे टाकून राहिली होती आणि नेमका डिस्पॅचच्या काकांचा फोन, "काय झायं रे भो तुझ्या कॉम्प्युटरला, ऑर्डरच्या तेवीस लाइनीतल्या तीन घेत नाही, आयटम सापडत नाही म्हणतोय, अन् कंटेनर आज भरायचाय."

गेलो. बाहेर लू चालू, सर्व्हर रूमचा एसी नावापुरता. स्क्रीनवर बघतो तर 'एमटी ४०६०' या आयटम कोडचं 'एमटी४०६०' झालेलं. मधली स्पेस गायब. बाकीच्या वीस लाइनीत तसेच कोड, तिथे स्पेस जागेवर! आणि आमचं ९९७, म्हणजे ऑर्डर मिळाल्याची पोच, तर रात्रीच ॲक्सेप्टेड म्हणून गेलेलं, कारण ट्रान्सलेटर सेगमेंट, म्हणजे मजकुराचे तुकडे, मोजतो, रचना बघतो, शेवटच्या एसई तुकड्यातला आकडा जुळला की झालं, कोडमधल्या स्पेसशी त्याला काय घेणंदेणं.

पहिला संशय ईबीसीडिकवर. मेनफ्रेमची अक्षरं ईबीसीडिक नावाच्या कोडमध्ये, आपली अ‍ॅस्कीत, म्हटलं बदलताना काही घोळ होत असेल. दीड तास त्यातच घालवला, टेबल तपासलं, काहीच नाही. शेवटी भुसावळच्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला, आयुष्य मेनफ्रेमवर घातलेला माणूस, आता रिटायर. सणाच्या दिवशी लाजतच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ओळी मोजल्यास का? किती अक्षरांच्या आहेत?" म्हटलं ऐंशीच्या. "सगळ्या?"

त्या मी मोजल्या नव्हत्या.

मोजल्या. शेवटची आखूड ओळ सोडली तर चार ओळी ७९ च्या, बाकी सगळ्या ८० च्या. चार! नाकारलेल्या तर तीनच होत्या.

मग डोक्यात उजेड पडला. ८० हा पंचकार्डाचा, म्हणजे भोकं पाडून डेटा ठेवायच्या जुन्या कार्डाचा, आकडा, आयबीएमचं ८० कॉलमचं कार्ड १९२८ चं, कार्डं गेली तरी मेनफ्रेमवरच्या कितीतरी फायली अजून ८० च्याच रेकॉर्डमध्ये कापलेल्या असतात. ईडीआयचा मजकूर तर सलग दोरीसारखा, तो दर ८० ला कापला जातो, मधोमध शब्द आला तरी कापतो. आता ८० व्या जागी अक्षर असेल तर काही बिघडत नाही, पण तिथे नेमकी स्पेस पडली की मेनफ्रेमचा एफटीपी टेक्स्ट मोडमध्ये फाइल देताना ओळीच्या शेवटची रिकामी जागा फालतू समजून छाटून टाकतो, वेगळं सांगितलं नाही तर हेच करतो. आणि माझा प्रोग्राम भोळेपणाने ओळीला ओळ चिकटवत होता. बायसिंकवर हे कधी दिसलं नाही कारण ३७८० सलग स्पेस दाबत असलं तरी किती होत्या तो आकडा सोबत पाठवतं, टाकून देत नाही.

खात्रीसाठी तीच फाइल बायनरीत, म्हणजे काहीही न बदलता, ओढली. हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आकडा दिसेल अशी, उघडली, ८० व्या जागी ४० बसलेलं. ईबीसीडिकमधली स्पेस म्हणजे ४०, आपल्या अ‍ॅस्कीतली २०. इतका आनंद मला पगारवाढीलासुद्धा झाला नसेल.

उपाय एका ओळीचा. स्क्रिप्टमध्ये फाइल ओढणाऱ्या 'गेट'च्या आधी 'कोट साइट ट्रेलिंगब्लँक्स' घातलं, म्हणजे शेवटच्या स्पेस छाटू नको, वरून माझ्या प्रोग्रामलाही शिकवलं की ८० पेक्षा आखूड ओळ आली तर स्पेसने भर. टेस्टच्या फायलीत ८० व्या जागी एकदाही स्पेस पडलेली नव्हती, हे तेव्हा बघायला पाहिजे होतं, ती चूक माझीच.

राहिली चौथी ओळ. ती ज्या गोडाऊनला माल जायचा त्याच्या पत्त्यातली निघाली, दोन शब्द एकमेकाला चिकटलेले, आणि पत्त्याला कोण नाकारतं, तो तसाच लेबलवर छापून पेट्यांना लागून राहिला होता. काकांना सांगितल्यावर ते काही बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे बघितले आणि पोरांना हाक मारून लेबलं उपटायला बसवलं. मीपण बसलो.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झालेले. मांडे वातड झाले होते, रस मात्र आईने माठाशेजारी झाकून ठेवला होता. दोन वाट्या झाल्यावर आठवलं, सरांना फोन करायचा राहिलाय.