फणसाच्या फळ्या गाडीच्या टपावरून: चिपळूण ते पुणे

मामांच्या माळ्यावर फणसाच्या लाकडाच्या फळ्या कित्येक वर्षं पडून होत्या. मला त्यांचं पुस्तकांचं कपाट करायचं होतं. "सगळ्या टाक टपावर, काय होतंय? वडापच्या जीपवर माणसं बसतात की!" इति मामा.

पण जीपचा टप वेगळा आणि घरच्या गाडीचा वेगळा. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत छतावर जास्तीत जास्त ७५ किलो लिहिलंय. कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिवाय ही मर्यादा चालत्या गाडीची असते. उभ्या गाडीचं छत याहून जास्त पेलतं, म्हणून वर दोन माणसं चढली तरी छत वाकलं नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फळ्या आठ फूट लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड. वजनकाट्यावर एक चढवली तर ११ किलो भरली. कॅरियर १५ किलोचा. म्हणजे पाच फळ्या, बस्स. मामा थोडे नाराज झाले.

बांधताना सगळे वरून खाली आवळतात. खरी भीती असते ती ब्रेक मारल्यावर. गाडी थांबते, फळ्या थांबत नाहीत. गुळगुळीत रंधलेल्या फळ्या तर एकमेकींवरूनही सरकतात. म्हणून कॅरियरच्या आडव्या दांड्यांवर आणि प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टाकल्या. आडवे पट्टे दोन, टेंपोवाले वापरतात तसले खटक्याचे. नायलॉनची दोरी मी मुद्दाम टाळली, कारण ताण आला की ती लांबते आणि तासाभरात गाठ तशीच राहून माल सैल होतो. शिवाय पुढच्या टोकांना वेढा देऊन एक पट्टा खाली पुढच्या टो हुकाला आणि तसाच एक मागच्या हुकाला. या दोन पट्ट्यांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता. दारांमधून आत दोरी घेऊन बांधायची पद्धत मला पटत नाही. पाऊस आला की दोरीवरून ओघळून पाणी थेट आत येतं.

पट्ट्याला एखादा पीळ द्यावा. सपाट ठेवला तर वाऱ्याने असा घुमतो की गाडीत बोलणं ऐकू येत नाही. मागे लाल फडकं बांधलं.

पोफळीला, कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी थांबून पट्टे पाहिले. आडवे दोन्ही सैल पडले होते, कारण फळ्या एकमेकींवर बसल्या होत्या. दोन-दोन खटके आवळले. घाटात टपावरचं वजन जाणवतंच. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते आणि सरळ व्हायला क्षणभर उशीर लावते. वळणाआधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही. हेळवाकला चहा घेताना पुन्हा हात लावून पाहिलं. या वेळी काही करावं लागलं नाही.

कराडनंतर हमरस्ता लागला आणि मागचे हॉर्न वाजवू लागले. तरी मी ८०च्या वर गेलो नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे ११० केले की तो जवळजवळ दुप्पट होतो. त्यातून फळ्यांची पुढची टोकं जराशी जरी वर असली तर वारा त्यांच्याखाली शिरून त्या उचलू पाहतो. म्हणून मागच्या दांडीवर रबराचा एक थर जास्त दिला होता.

पुण्यात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी एक पाइप आडवा गेलाय. एरवी त्याकडे लक्षही जात नाही. गाडी बाहेरच लावली, फळ्या फाटकाशी उतरवल्या आणि वॉचमनकाकांच्या मदतीने जिन्याने वर नेल्या.

उरलेल्या आठ फळ्या मामांनी मे महिन्यात आंब्याच्या टेंपोतून मार्केट यार्डापर्यंत पाठवल्या. भाडं माझ्या पेट्रोलपेक्षा कमी पडलं.