कोणीतरी घरी असावं म्हणून

परवा दुपारी मीटिंग चालू असताना मोबाईल थरथरला. 'हॉलमध्ये हालचाल'. पोटात धस्सच झालं. टेबलाखाली मोबाईल धरून घरातल्या कॅमेऱ्याचं ॲप उघडलं तर ते आपलं गोल गोल फिरत बसलं, आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातल्या चोराचं कपाट उचकून झालं होतं. शेवटी चित्र आलं. कोळी! अगदी लेन्सला चिकटून बसलेला, त्यामुळे मांजराएवढा दिसत होता.

रात्री तर विचारूच नका. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेडचे बारके दिवे असतात, आपल्याला त्यांचा उजेड दिसत नाही पण जाळ्याचा एखादा धागा त्यात असा काही चमकतो की जरा पंख्याचा वारा लागला की झालं, टिंग टिंग टिंग.

आमच्या लहानपणी ही सिस्टीम म्हणजे बाबा होते. बाहेरगावी निघताना पॅसेजमधला दिवा चालू, दाराशी मुद्दाम एक जुनी चपलांची जोडी, आणि रेडिओ चालू. कोणीतरी घरी आहे असं वाटलं पाहिजे. मग कुलूप लावायचं, ओढायचं, परत ओढायचं, जवळजवळ लोंबकळायचंच त्याला. आम्ही बॅगा घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचलो की हे परत मागे, अजून एकदा ओढून बघायला.

आणि एकदा झालीच चोरी. चोराने कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता, कोयंडाच उपटला होता सरळ. कुलूप बंदच्या बंद, चौकटीला लटकत होतं. आत फार काही नव्हतंच बिचाऱ्याला, म्हणून त्याने रेडिओ नेला, तोच, कोणीतरी घरी आहे असं वाटावं म्हणून लावलेला. आणि जाताना पॅसेजमधला दिवा बंद करून गेला. आई म्हणाली, वळण चांगलं आहे. बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं येईल त्याला सांगायचे, पण कुलूप तुटलं नाही हं.

घरावर कॅमेऱ्याने नजर ठेवायची आयडिया एका नर्सची, हे मला अलीकडेच कळलं. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहायची, तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा भलत्याच, रात्री घरात एकटी, बोलावलं तर पोलिस वेळेवर येतील याचा भरवसा नाही. म्हणून दोघांनी मिळून १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं. दाराला एकाखाली एक भोकं, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, आतून वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि बेडरूममधल्या टीव्हीवर दिसणार दारात कोण आलंय ते. तिथूनच बोलायचं, ओळखीचं असेल तर बटण दाबून दार उघडायचं.

म्हणजे ती आत बसून बाहेर बघणार होती आणि मी बाहेर बसून आत बघते, रिकामं घर. आता तर टिंग वाजलं नाही तरी उघडते. कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता आपला हॉल कसा दिसतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. ऊन सोफ्याच्या हातावरून हळूहळू खाली उतरतं, पडदा फुगतो, परत बसतो. सकाळी खुर्चीवर फेकलेली ओढणी तशीच. माझ्यावाचून काही अडत नाहीये असं दिसतं तिथे, जरा रागच येतो.

ताईला कौतुकाने हे सगळं दाखवत होते तर तिने विचारलं, रेकॉर्डिंग कुठे साठतं गं? म्हटलं, कॅमेऱ्यातच कार्ड आहे ना.

"मग चोराने कॅमेराच नेला तर?"

गप्पच बसले मी. तसंही घरात दुसरं नेण्यासारखं आहे काय म्हणा.

कोळ्याला मात्र अजून हाकललेलं नाही. झाडू घेऊन स्टुलावर चढले होते परवा, पण उतरले. दिवसभर कोणीतरी असतं घरी.