एका रात्रीत व्यसन सुटत नाही: 'हाउस'च्या पाचव्या सीझनचा शेवट

'हाउस' ही डॉ. हाउस या व्यसनी डॉक्टरवरची अमेरिकी टीव्ही मालिका. मे 2009 मध्ये आलेल्या या शेवटाबद्दल बोलताना बहुतेक जण हाउस आणि त्याची बॉस कडी यांच्या 'त्या' रात्रीवर अडतात: तिच्या मदतीने तो एका रात्रीत व्हायकोडिन सोडतो, दोघं जवळ येतात, आणि शेवटी तो सगळा त्याचा भास निघतो. पण ती रात्र खोटी असल्याचा पुरावा आधीच्याच भागात होता. व्हायकोडिन या वेदनाशामक गोळीत हायड्रोकोडोन हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं सवय लावणारं औषध असतं. रोजच्या सवयीनंतर ते अचानक बंद केलं की साधारण 6 ते 12 तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वात जास्त असतो आणि आठवडाभर रेंगाळतो. घाम, उलट्या, जुलाब, झोप उडणं. हाउस मात्र सकाळी ताजातवाना! तिथेच शंका यायला हवी होती.

शेवटच्या भागातल्या रुग्णाची निवडही नेमकी आहे. त्याच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम कापलेला आहे, त्यामुळे डावा हात परस्पर वागतो. अशा रुग्णांमध्ये बोलणारा डावा अर्धगोल त्या कृतीचं कारण स्वतःच रचून सांगतो, आणि त्यात लबाडी नसते. त्याला ते खरंच वाटतं. हाउसचंही तसंच झालंय. कडीची लिपस्टिक म्हणून जी वस्तू तो जपतो, ती गोळ्यांची बाटली निघते.

माझ्या मते इथलं सर्वात खरं नातं हाउसच्या जिवलग मित्राचं, विल्सनचं. चेस-कॅमरन या सहकारी डॉक्टरांचं लग्न चालू असताना तो हाउसला गाडीतून मेफील्ड मनोरुग्णालयात सोडतो. निरोपाला शब्द जवळजवळ नाहीतच.