तुम्ही विचारलंत म्हणून: क्रेमोना आणि व्हायोलिन

उत्तर इटलीत, क्रेमोनात राहते म्हटलं की प्रश्न ठरलेला: "तिकडे स्ट्रॅडिव्हॅरीचे वंशज अजून व्हायोलिनं बनवतात ना?" स्ट्रॅडिव्हॅरी म्हणजे इथला जगप्रसिद्ध व्हायोलिन-कारागीर. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते. नाही बनवत. मधल्या काळात ही विद्या गावातून जवळजवळ उठूनच गेली होती.

सोळाव्या शतकात आन्द्रेआ अमातीने इथे व्हायोलिनला रूप दिलं, पुढे तसंच व्हायोलिनं बनवणारं ग्वार्नेरी घराणं आणि अंतोनियो स्ट्रॅडिव्हॅरी झाले. स्ट्रॅडिव्हॅरी १७३७ मध्ये वारला आणि थोड्याच वर्षांत सगळं ओसरलं. मुलाने बापाचे साचे आणि हत्यारं एका सरदाराला विकून टाकली. ज्या चर्चमध्ये स्ट्रॅडिव्हॅरीला पुरलं होतं ते एकोणिसाव्या शतकात पाडून तिथे बाग केली. गावाला आपल्या माणसाची किंमत कळली ती थेट मुसोलिनीच्या काळात. इथला फॅसिस्ट पुढारी फारिनाच्ची याला स्ट्रॅडिव्हॅरीच्या मृत्यूच्या द्विशताब्दीचा गाजावाजा हवा होता. १९३७ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं, १९३८ मध्ये व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळा निघाली. म्हणजे 'अखंड परंपरा' वगैरे गोष्टी पर्यटकांसाठी.

पण शाळा टिकली. आज शंभराहून जास्त कार्यशाळा आहेत आणि त्यांतले कितीतरी कारागीर परदेशातून शिकायला आले ते इथलेच झाले. तबली, म्हणजे वाद्याची वरची फळी, आल्प्समधल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, पाठ मेपलच्या लाकडाची, एकूण सत्तरच्या वर तुकडे. कारागीर तबली दोन बोटांत धरतो, कानाशी नेऊन पेराने टकटक करतो, ऐकतो, आणि अंगठ्याएवढ्या रंध्याने आणखी जरासं लाकूड काढतो. मग पुन्हा टकटक. एका वाद्याला दोन-चार महिने, म्हणजे वर्षाकाठी तीन ते सहा वाद्यं. २०१२ मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा म्हणून मान्यता दिली, ती रास्तच.

पण सत्तर हजारांचं गाव यावर थोडंच जगणार? गाव जगतं दुधावर आणि पोलादावर. पो नदीकाठची सपाट जमीन, जिकडेतिकडे मका, गोठे आणि ग्राना पादानोचे चीज कारखाने. गोठ्यांत धारा काढायला पंजाबातून आलेले शीख बरेच. जवळच्या पेस्सिना क्रेमोनेझेला २०११ पासून त्यांचा भलामोठा गुरुद्वारा आहे. आणि २०१३ मध्ये उघडलेल्या व्हायोलिन म्युझियममागे पैसा आहे तो अर्वेदी या पोलादवाल्यांचा. तिथल्या मैफलीच्या दालनाला नावही त्यांचंच. मला यात काही वावगं वाटत नाही. कलेला कुणीतरी पोसावंच लागतं.

त्याच दालनात २०१९ मध्ये जुन्या वाद्यांचे सूर नोंदवून ठेवायचं काम चाललं होतं. महापौरांनी गावाला गोंगाट करू नका म्हणून विनवलं, आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद केले. लोकांनी ऐकलं, हे विशेष.

येताना काय आणणार, हा तुमचा दुसरा प्रश्न. तोर्रोने आणते, बदाम-मधाची ती वडी सगळ्यांना आवडते. मोस्तार्दा मात्र विचार करून मागा. साखरेच्या पाकातली अख्खी फळं बघून जीभ फसते, पण त्यात मोहरीचा अर्क असतो. तो इथे औषधाच्या दुकानात थेंबांच्या हिशोबाने मिळतो. फेसलेल्या मोहरीच्या लोणच्यासारखा झणका थेट नाकात जातो. इथले लोक मोस्तार्दा उकडलेल्या मांसाबरोबर खातात. मी थालीपिठाबरोबर खाते.