आईचं पुस्तक प्रिंट ऑन डिमांडवर आणलं, पण 'ऱ्या' ने चार महिने घेतले

आधी एक सांगते, मराठी पुस्तक प्रिंट ऑन डिमांडला (पीओडी, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणं) टाकायचं असेल तर कुणालाही पैसे देण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्याकडे छापायला जाणारी शेवटची फाईल मराठी वाचता येणारं माणूस बघतं का. बाकी सगळं नंतर. मी हा प्रश्न विचारला नाही आणि जून ते डिसेंबर त्यातच गेले, त्यातले चार महिने एका अक्षरापायी.

पुस्तक माझ्या आईचं. आई ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, घणसोली-रबाळे पट्ट्यातल्या गावांत. तेव्हा ठाण्याहून वाशीकडे लोकल नव्हती (ती २००४ ला आली), एसटीने कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने जायची. शाळा सुटली की मुलांच्या आज्यांकडे बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. आगरी, कोळी बायका, खाडीकाठचं जगणं, मीठागरं, होड्या, आणि ओवीओवीत दर्या. १९९४ मधे पहिली आवृत्ती निघाली, ५०० प्रती. २००३ ला दुसरी. आई २०१६ ला गेली, पुस्तक त्याआधीच संपलं होतं. पण घणसोली-गोठिवलीकडून अजून फोन येतात, आमच्या आजीची ओवी त्यात आहे, एक प्रत मिळेल का. शेवटची जास्तीची प्रत मी तीन वर्षांपूर्वी देऊन टाकली आणि तेव्हाच ठरवलं की हे परत छापायचं.

ऑफसेटवाल्याने सांगितलं की कमीत कमी ५०० प्रती काढा, प्लेट आणि मशीन लावायचा खर्च तेवढ्यावर वाटला गेला तरच परवडतं. ते खरंच आहे. पण ५०० प्रती ठेवू कुठे, नौपाड्यातलं घर दोन खोल्यांचं. आणि मला लागतात वर्षाला तीस-चाळीस. डिजिटल छपाईवर, म्हणजे पीओडीत, एक प्रत काढा नाहीतर शंभर, दर जवळपास तोच. १९२ पानांना मला प्रतीमागे ११८ रुपये पडले. ऑफसेटचं कोटेशन यापेक्षा बरंच कमी होतं हे मान्य, पण न विकलेल्या प्रतींचे पैसे त्यात कुणी धरत नाही.

हक्कांचं काम सोपं झालं. लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो, वारस मी आणि दादा, त्याने संमतीपत्र लिहून दिलं. ओव्या लोकांच्या, पण संकलन, टिपा, प्रस्तावना आईची. आयएसबीएनसाठी (पुस्तकाचा ओळख क्रमांक) एका ओळखीच्यांनी दोन हजार सांगितले होते, ते देऊ नका! राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करायचा, फी शून्य, प्रकाशन संस्था नसली तरी करता येतो. छापील आणि ई-बुक यांना वेगवेगळे नंबर लागतात, दोन्ही एकदमच मागा.

मग मी एक सल्लागार कंपनी गाठली, जी प्रकाशकांना आणि माझ्यासारख्या सुट्या लोकांना डिजिटल आणि पीओडीचं सगळं करून देते. नाव लिहीत नाही. बोलणारे सर अनुभवी होते, कुठल्या साइटवर किती कमिशन जातं, छापील किंमत कशी काढायची, हे त्यांनी तासभर नीट समजावलं आणि ते आजही माझ्या उपयोगाचं आहे. पुस्तकावर जीएसटी शून्य असला तरी सल्ल्याच्या बिलावर १८ टक्के लागतो, तेवढं बजेटमधे धरा. सरांनी सही घेतली आणि मला सपोर्टच्या ताब्यात दिलं.

दुसऱ्या आवृत्तीची सीडी माझ्याकडे होती, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाईल. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड) नव्हते, म्हणजे आत अक्षरं इंग्रजीचीच, फक्त वर मराठीचा पोशाख. फॉन्ट काढला की सगळं गिचमिड. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमधे आणावं लागतं. त्यांनी आणलं, मला वर्डची फाईल पाठवली, मी दहा-पंधरा पानं वाचली, छान वाटलं, हो म्हटलं. छपाईची पीडीएफ मागितली तर म्हणाले ती सिस्टीममधे आपोआप बनते, बाहेर देत नाही. इथे मी अडून बसायला हवं होतं.

सहा दिवसांनी कुरियरने पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, आलं. कव्हर सुंदर, कागद सुंदर. पान ४७ उघडलं, तिथे आईला फार आवडणारी ओवी आहे, देवळाच्या पायऱ्यांची. छापलं होतं 'पायर्या'. रफार, य च्या डोक्यावर. मला वाटलं एखादी चूक असेल. पुढचं पान, 'सासर्याच्या'. मग 'गोर्या', 'वार्यावर', 'तर्हा', 'कुर्हाड'. पुस्तकात जिथे जिथे ती चंद्रकोरीसारखी आडवी रेघ हवी तिथे रफार. मी पेन्सिल घेऊन खुणा करत बसले, रात्री दोनला दोनशेच्या वर गेल्यावर थांबले. रडू आलं खरंच. आई वहीच्या शुद्धलेखनात यासाठीच मुलांना परत लिहायला लावायची.

फोन केला. सपोर्टचा मुलगा, बोलायला अगदी नम्र, म्हणाला मॅडम आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय. मी म्हटलं माझ्या हातातलं पुस्तक चुकीचं आहे. तो म्हणाला फोटो पाठवा. पाठवले. चार दिवसांनी मेल आला, फाईल तपासली, दोष नाही, तक्रार बंद. परत उघडली, परत बंद. तिसऱ्या वेळी मी सरांना फोन केला, तेव्हा हालचाल झाली.

दुसरं प्रूफ आलं. 'पायऱ्या' बरोबर! 'सासऱ्याच्या' बरोबर! आणि मग पान १२ वर 'सूऱ्य'. 'काऱ्य'. प्रस्तावनेत 'आश्चऱ्य'. कुणीतरी फाइंड-रिप्लेस करून सगळ्या पुस्तकातले 'र्य' सरसकट बदलून टाकले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'दर्या'. खाडीकाठच्या बायकांच्या ओव्या, त्यात दर्या एकसष्ट वेळा आहे, आणि एकसष्टच्या एकसष्ट ठिकाणी 'दऱ्या' झालं होतं. नवरा होडी घेऊन दऱ्यात गेला! समुद्र गेला आणि डोंगरातल्या दऱ्या आल्या. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, जसे आचार्यांना आणि आचाऱ्यांना वेगळे. हे मी त्या मुलाला फोनवर समजावत होते, तो ऐकत होता, पण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याची चूक नाही. कंपनीने मराठी पुस्तकं घ्यायची आणि मराठी वाचणारं एकही माणूस त्या टेबलावर बसवायचं नाही, ही चूक आहे, आणि माझा राग तिथे आहे.

आता मीच करते म्हटलं. कन्व्हर्ट झालेली पहिली वर्डची फाईल घेतली आणि तीन रात्री एकेक शब्द बघितला, जुनी १९९४ ची प्रत शेजारी उघडी ठेवून. शंका आली तिथे माझ्या कीबोर्डवर शब्द परत टाइप केला. शब्दांची यादी पण केली, कुठे ऱ्य आणि कुठे र्य. फाईल शंभर टक्के बरोबर होती, दादानेही वाचली. पाठवली. पुन्हा कुरियर, आणि या वेळी ३५० रुपये, कारण फुकट प्रूफ दोनच होती.

तिसरं प्रूफ: 'पायर्या'.

त्या दिवशी मी ते पुस्तक पिशवीत घालून तशीच घराबाहेर पडले. स्टेशनजवळच्या गल्लीत एक डीटीपीवाल्या काकू आहेत, लग्नपत्रिका, अहवाल, पीएचडीचे प्रबंध सगळं करतात, तीस-पस्तीस वर्षं मराठी टाइप करताहेत. त्यांना प्रूफ दाखवलं, पेनड्राइव्हवर फाईल दिली. त्यांनी 'पायऱ्या' शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवला आणि बॅकस्पेस एकेकदा, सावकाश दाबायला लागल्या. काना गेला. य गेला. चंद्रकोरीची रेघ एकटीच राहिली. परत दाबलं, तर रेघ जाऊन तिथे साधा पाय मोडलेला र् दिसायला लागला. म्हणजे र् च्या पुढे एक न दिसणारं अक्षर होतं, तेच आत्ता पुसलं गेलं. काकू म्हणाल्या, "बघ, हा खरा ऱ्या नाहीच. र ला पाय मोडून मधे जोडचिन्ह टाकलंय, म्हणून तसा दिसतोय. ते जोडचिन्ह कुणी झाडून टाकलं की झाला रफार."

आणि छापणाऱ्यांची सिस्टीम फाईल आत घेताना न दिसणारी अक्षरं झाडूनच टाकत होती, साफसफाई म्हणून. म्हणजे तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्यांच्या स्क्रीनवरची वर्ड फाईल बरोबरच होती, बिघडत होती ती त्यानंतर. माझ्या तीन रात्रींचं कामही त्याच झाडूखाली गेलं, कारण माझा कीबोर्डही तसाच र् अधिक जोडचिन्ह टाकत होता.

मग काकूंनी विचारलं, दुसऱ्या प्रूफात ऱ्या टिकले होते ना, नको तिथेही? टिकले होते. "मग त्याने रिप्लेस करताना दुसरा ऱ वापरला असणार, खाली टिंब असलेला." युनिकोडमधे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. ते घेऊन पाय मोडला आणि पुढे य किंवा ह टाकला की चंद्रकोर आपोआप येते, मधे काही लपवावं लागत नाही, त्यामुळे झाडायला काही उरतच नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि ज्या कंपनीचा हा रोजचा धंदा आहे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

उपाय दहा मिनिटांचा होता. माझ्या फाईलमधे जोडचिन्ह फक्त योग्य ठिकाणीच होतं, म्हणून 'र्-जोडचिन्ह' शोधून तिथे 'ऱ्' घालायचं, बस. दर्या, सूर्य, कार्य यांना हातही लागला नाही. काकूंनी पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या पुस्तक आलं की एक दे.

या वेळी मी सरांना स्पष्ट लिहिलं की छपाईची पीडीएफ बघितल्याशिवाय चौथं प्रूफ काढायचं नाही. जी फाईल बाहेर देता येत नाही ती दोन दिवसांत आली. पूर्ण वाचली, बरोबर. प्रूफ आणायला मी स्वतःच गेले, प्रेस तुर्भ्याच्या एमआयडीसीत, ट्रान्स हार्बरने (ठाणे-वाशी लोकल) अर्धा तास. ऑपरेटर भला माणूस, त्याने माझ्यासमोर एक प्रत काढली, पानं बाहेर आली, कण्यावर गरम गोंद, कव्हर चिकटलं, मग तीन बाजूंनी कटिंग. हातात घेतलं तेव्हा कणा अजून कोमट होता. पान ४७. पायऱ्या. मग दर्या शोधला, तोही जागेवर.

बाकी आठवेल तसं लिहिते. पानांची संख्या बदलली की कण्याची जाडी बदलते आणि कव्हर परत जुळवावं लागतं, माझा कणा साधारण एक सेंटिमीटर होता, आठ पानं वाढली तर त्यावरचं नाव सरकलं, म्हणून मजकूर पक्का झाल्याशिवाय कव्हर फायनल करू नका. ल आणि श पण बघा. राज्य सरकारचा २००९ चा जीआर आहे, पाकळीचा ल आणि देठाचा श, पण बऱ्याच फॉन्टमधे भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाचे येतात. ई-बुकमधे ओव्यांच्या ओळी स्पेस मारून जुळवलेल्या असतील तर मोबाइलवर विस्कटतात, तिथे परिच्छेदाचा इंडेंटच लागतो, हे कामही काकूंनीच केलं, त्याचे मात्र मी बळेच पैसे दिले. आणि पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, १९५४ चा कायदा आहे, पीओडीवाले हे सांगत नाहीत. मी पाठवल्या. पाचवी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन दिली, १८९३ पासूनची संस्था, आईचं तिथे येणंजाणं होतं, आणि सहावी काकूंना.

शब्दांची ती यादी मी जपून ठेवली आहे, कन्व्हर्ट केलेली मराठी फाईल तपासायला कुणाला हवी असेल तर सांगा, पाठवते. दर्या आणि दऱ्या शेजारी शेजारी आहेत, लाल खूण करून.